उघड साक्ष : रे. बाबा पदमनजी ह्यांचे चरित्र

साक्ष देणे हे किती कठीण काम आहे, हे खेड्यातील मनुष्यास सांगावयास नको. बांधावरचे भांडण, पाणवठ्यावरची मारामारी, सासरी चाललेला एखाद्या मुलीचा छळ, ह्या गोष्टी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. परंतु कचेरीत नावाचा पुकारा झाला म्हणजे आपण पाहिले असे म्हणणारा एखादाच निघतो. कारण साक्ष एका दिवसात देऊन होते, पण साक्ष देणाऱ्यास त्याच गावात परत यावयाचे असते, त्याच वाटेने शेतावर जावयाचे असते, आणि त्याच लोकांत आपल्या मुलांची लग्ने जुळवावयाची असतात. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत साक्षीदार ह्या अर्थाचा जो शब्द आहे, त्यालाच पुढे मंडळीच्या बोलण्यात रक्तसाक्षी असा अर्थ आला. खरे बोलणे आणि त्यासाठी सोसणे ह्या दोहोंस एकच शब्द पुरला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

संकटात सापडलेल्या साक्षीदाराची गोष्ट वाचकांस नेहमीच ओढून घेते. अलीकडे इंग्रजीत ह्या तऱ्हेच्या ख्रिस्ती कादंबऱ्या पुष्कळ लिहिल्या जातात. त्यांत कोणी एक स्त्री असते. तिने जे पाहिले किंवा जे जाणले ते इतरांस गैरसोयीचे असते. तिच्यावर संकट येते. तिला एका चांगल्या पुरुषाची प्रीती लाभते. आणि भय, प्रीती व विश्वास ह्यांच्या ओढाताणीत कथा शेवटास जाते. हा प्रकार परदेशी व नवा आहे असे कोणास वाटेल. परंतु भय, प्रीती व विश्वास ह्या तीन धाग्यांनी विणलेली एक गोष्ट मराठीत १८५७ मध्येच छापली गेली होती, आणि पुष्कळ अभ्यासक तिलाच मराठीतील पहिली कादंबरी म्हणतात. ती म्हणजे यमुनापर्यटन. आणि तिचे कर्ते रे. बाबा पदमनजी होत. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो; कारण ही गोष्ट त्यांना कोठून सुचली हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिल्यावाचून नीट कळत नाही.

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटी किंवा तिच्या आसपासच्या गावी बसून हे वाचणाऱ्या बंधुभगिनींस वाटेल की, बेळगाव, मुंबई व पुणे येथे वावरलेल्या ह्या गृहस्थाचा आमच्या मुलखाशी काय संबंध? संबंध आहे. जालन्याजवळ बेथेल नावाची जी ख्रिस्ती वसाहत आहे, ती रे. नारायण शेषाद्री ह्यांनी वसविली. तेव्हा हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि दिवाण सालारजंग ह्यांच्याकडून जमीन मिळवून नारायणरावांनी तेथे मुख्यत्वे मांग व महार समाजांतील कुटुंबांस आसरा दिला. हे नारायणराव व बाबा पदमनजी हे दोघेही मुंबईतील एकाच मिशन विद्यालयाच्या परंपरेतले. आणि नारायणरावांच्या घरावर जो प्रसंग गुदरला, त्याची छाया बाबांच्या तरुणपणावर पडलेली होती. तो प्रसंग पुढे सांगू.

बाबांचा जन्म १८३१ च्या मे महिन्यात बेळगाव येथे झाला. घराणे त्वष्टा कासार जातीचे, आचारधर्माचे व देवभक्त. लहानपणी बाबा स्वतः मोठे भाविक होते. व्रते, उपवास, पोथ्यापुराणे ह्यांत त्यांचे मन मनापासून रमे. आणि हे त्यांच्या पुढील आयुष्याविषयी ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण जे त्यांनी सोडले ते तुच्छ मानून सोडले नाही. बेळगावात लंडन मिशनची इंग्रजी शाळा होती. तेथे ते शिकू लागले. तेथेच शुभवर्तमानाची त्यांना प्रथम ओळख झाली. परंतु त्या वयात ती ओळख धड्यापुरतीच राहिली.

१८४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईस आले आणि फ्री चर्च मिशनच्या विद्यालयात दाखल झाले. रे. डॉ. जॉन विल्सन व रे. मरी मिचेल हे तेथील प्रमुख गुरुजन. त्या काळी मुंबईत मिशन शाळेत मुलगा घालणे म्हणजे आईबापांच्या जिवास घोर असे, आणि त्याला कारणही घडले होते. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी नावाच्या पारशी तरुणाचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा सारा पारशी समाज खवळून उठला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. मुलास न्यायाधीशांपुढे उभे केले. आणि तो समजत्या वयाचा आहे असे पाहून, त्याला वाटेल तेथे जाण्याची मोकळीक कोर्टाने दिली. तो विल्सनसाहेबांबरोबर परत गेला. त्या दिवसांत शाळेचे वर्ग ओस पडले. कोर्टाच्या दारापर्यंत जाऊन आपला विश्वास सांगणारा हा एक साक्षीदार होता. आणि जमावातून त्याला सुखरूप नेण्याचीच मोठी चिंता होती.

चार वर्षांनी, म्हणजे १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री ह्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत सुमारे बारा वर्षांचा होता. तोही मिशनरींच्या घरी येऊन राहिला. बापाने कोर्टात अर्ज केला. ह्या वेळी कोर्टाने मुलगा अज्ञान आहे असे ठरवून त्याला बापाच्या स्वाधीन केले. पण गोष्ट तेथे संपली नाही. ख्रिस्ती लोकांत राहिलेला व जेवलेला मुलगा जातीत परत कसा घ्यावा, ह्यावर मोठा वाद माजला. दर्पण पत्राचे संस्थापक बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याचा पक्ष धरला. म्हणून त्या विद्वान व सज्जन गृहस्थासही सनातनी मंडळींचा रोष सोसावा लागला. थोरला भाऊ एकीकडे, धाकटा दुसरीकडे, आणि मध्ये रडणारे आईबाप, असे ते घर दुभंगले. ह्या गोष्टी मुंबईच्या विद्यार्थ्यांत वर्षानुवर्षे बोलल्या जात होत्या. बाबा जेव्हा त्याच विद्यालयाच्या बाकावर येऊन बसले, तेव्हा उघडपणे बोलणाऱ्याचे काय होते हे त्यांना कोणी नव्याने सांगावयास नको होते.

विद्यालयात त्यांचे मन हळूहळू पालटू लागले. जुन्या मतांवरचा विश्वास ढळला, पण नव्याचा स्वीकार करण्याचे धैर्य नव्हते. अशा वेळी त्यांस परमहंस सभेचा आश्रय मिळाला. ही सभा १८४९ च्या सुमारास मुंबईत निघाली. दादोबा पांडुरंग हे तिचे एक प्रमुख. एक देव मानावा, जातिभेद मानू नये, असे तिचे मत होते. आणि सभासद होताना ख्रिस्ती मनुष्याने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. त्या काळात ही मोठी हिंमतीची गोष्ट होती. परंतु हे सर्व दार बंद करून चाले. सभेची नावे गुप्त, बैठकी गुप्त, पाव खाणेही गुप्त. सभेतून बाहेर पडल्यावर प्रत्येक जण आपापल्या घरी जाऊन पूर्वीप्रमाणे पंक्तीस बसे. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली, आणि केवळ नावे फुटतील ह्या भीतीने ती सभा मोडली.

आम्ही त्या सभेतील लोकांस हसत नाही. त्यांच्यापैकी कित्येकांनी पुढे विद्या व समाजसुधारणा ह्यांची मोठी सेवा केली, आणि १८६७ मध्ये मुंबईत निघालेल्या प्रार्थनासमाजास त्यांच्या विचारांचा उपयोग झाला. पण बाबांच्या चरित्रात ह्या सभेचे महत्त्व निराळे आहे. मनुष्य एक गोष्ट खरी मानतो आणि दुसरीच करून दाखवितो, ह्याचा अनुभव त्यांनी तेथे पोटभर घेतला. ते स्वतः तसेच जगत होते. ख्रिस्तावर त्यांचा विश्वास बसू लागला होता. ते शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत. परंतु बाप्तिस्मा आज नको, उद्या पाहू, असे म्हणत वर्षे गेली. निकदेम जसा रात्री प्रभूकडे आला, तसे ते पुष्कळ दिवस रात्रीचेच शिष्य होते. ही गोष्ट त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लपविली नाही. आपल्या भीतीचा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला आहे.

अखेर ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगाव येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे पाऊल त्यांनी मुंबईच्या गर्दीत न टाकता, ज्या गावात त्यांचा जन्म झाला व जेथे प्रत्येक गल्ली त्यांस ओळखत होती, तेथे टाकले, ही गोष्ट विशेष आहे. परक्या शहरात साक्ष देणे त्या मानाने सोपे असते; आपल्या आळीत ती देणे कठीण. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते.

ह्या एका दिवसाची किंमत किती होती, हे आजच्या वाचकाने नीट समजून घेतले पाहिजे. जातीतून मनुष्य बाहेर पडला म्हणजे त्याला पाणी, पंगत, घर, सोयरीक, सर्व काही मुकावे लागे. वारसाहक्कासंबंधाने एवढे झाले होते की, १८५० च्या २१ व्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे किंवा जात गेल्यामुळे मनुष्याचा वारसा बुडू नये असे ठरले होते. परंतु कायदा शेत देऊ शकतो, आईच्या हातची भाकरी देऊ शकत नाही. धर्मांतर करणाऱ्याच्या पत्नीचा किंवा पतीचा प्रश्न तर त्याहून नाजूक. जोडीदाराने धर्मांतराच्या कारणावरून कायमचे सोडल्यास काय करावे, ह्याविषयीचा कायदा १८६६ मध्ये झाला. तोपर्यंत अशी माणसे धड विवाहित नाहीत, धड मोकळी नाहीत, अशा स्थितीत राहत. आणि हेही आम्ही स्पष्ट म्हणतो की, दुःख एकट्या धर्मांतर करणाऱ्याचेच नसते. ज्या आईबापांनी त्याला वाढविले, त्यांचेही ते असते. त्यांच्या अश्रूंस हट्ट किंवा अज्ञान म्हणून मोकळे होणे हा ख्रिस्ती मनुष्याचा धर्म नव्हे.

बाबा लेखणीचे मनुष्य होते. बाप्तिस्म्यापूर्वीच, १८५२ मध्ये, त्यांनी स्त्रियांच्या विद्याभ्यासावर निबंध लिहून प्रसिद्ध केला होता. बाप्तिस्म्यानंतर तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, यमुनापर्यटन बाहेर पडले. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा तिचा हेतू ग्रंथाच्या नावातच सांगितलेला आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा झाला होता. पण कायदा पुस्तकात होता आणि विधवा घरात होती. उच्च म्हटल्या जाणाऱ्या जातींत आठ-दहा वर्षांची मुलगीही नवरा मेला म्हणजे जन्माची विधवा होई. तिचे केस काढीत, तिला एक वेळ जेवण, जाडेभरडे वस्त्र, आणि शुभकार्यात तोंड दाखविण्याची बंदी. शिवाय त्या कायद्यातही एक मेख होती. पुनर्विवाह केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील तिचा हक्क जाई.

आता गोष्ट थोडक्यात सांगतो. यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली मुलगी. मुंबईत मुलींसाठी पहिली मिशन शाळा अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये काढली होती. तेव्हा अशी मुलगी कल्पनेतलीच होती असे नाही. तिचा पती विनायकराव सुशिक्षित व दयाळू. दोघांचाही ख्रिस्तावर विश्वास आहे, पण तो घरच्यांपासून झाकलेला. पतिपत्नी एकत्र वाचतात, एकत्र प्रार्थना करतात, एकमेकांवर मनापासून प्रीती करतात. त्या काळच्या मराठी घरात नवराबायकोने बरोबरीने बसून बोलावे, हेच वाचकांस नवल वाटले असेल. मग ती दोघे प्रवासास निघतात. वाटेत ठिकठिकाणी त्यांस विधवा भेटतात. कोणी घरच्यांच्या जाचात पिचलेली, कोणी फसविली गेलेली, कोणी लाजेखातर लपविली गेलेली. यमुना त्यांच्याशी बोलते, ऐकते व मनात ठेवते. येथपर्यंत ती दुसऱ्यांच्या दुःखाची साक्षी आहे.

नंतर विनायकराव अपघाताने मरण पावतात. एका क्षणात साक्षीचे आरोपीत रूपांतर व्हावे तसे होते. जे ती इतरांच्या घरी पाहत होती, ते तिच्या दारी येते. सासरी तिच्या केशवपनाचा प्रश्न उभा राहतो. आता तिने काय करावे? आपला विश्वास झाकून ठेवला तर वस्तरा; उघड केला तर घर गेले. ह्या पेचातून शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती मंडळीत येते, आणि पुढे एका ख्रिस्ती तरुणाशी तिचा पुनर्विवाह होतो.

वाचकांनी आता यमुनेची गोष्ट व बाबांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून पाहावी. झाकलेला विश्वास, बंद दाराआडची प्रार्थना, वर्षांची टाळाटाळ, आणि एक दिवस असा की ज्या दिवशी गप्प राहणे हेच खोटे बोलणे ठरते. हे सारे बाबांनी कोठून आणले ते सांगण्याची गरज नाही. मात्र त्यांनी आपली गोष्ट आपल्याच नावाने लगेच सांगितली नाही. त्यांनी असे पाहिले की, आपल्याहून अधिक संकटात असलेली व्यक्ती घरोघर बसलेली आहे. पुरुषाने साक्ष दिली तर त्याला निदान मिशनच्या बंगल्याचे दार, एखादी नोकरी, कोर्टाचा रस्ता तरी होता. विधवेस ह्यांतले काहीच नव्हते. तिचे तोंड झाकलेले, तिचा आवाज चुलीपाशी बुडालेला. म्हणून बाबांनी साक्षीदाराच्या जागी तिला उभे केले. स्वतःच्या भीतीतून दुसऱ्याची भीती ओळखणे, हे ह्या पुस्तकातील आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते.

ग्रंथात उणिवा नाहीत असे नाही. कथा ठिकठिकाणी थांबते आणि उपदेश सुरू होतो. पात्रे बोलण्याऐवजी कधी कधी निबंध वाचतात. यमुनेच्या मनातील झगडा आणखी उलगडून दाखविला असता तर बरे झाले असते. तिच्या सासरच्या माणसांसही त्यांची बाजू मांडावयास थोडी अधिक जागा हवी होती. पण तेव्हा मराठीत अशा गद्य कथेचा मार्गच पडलेला नव्हता. हरि केशवजी ह्यांनी बनियनच्या ग्रंथाचे केलेले यात्रिकक्रमण हे भाषांतर १८४१ मध्ये निघाले होते. बंगालीत हॅना कॅथरीन मलेन्स ह्या मिशनरी बाईंनी फुलमणी व करुणा ह्या दोन ख्रिस्ती स्त्रियांची कथा १८५२ मध्ये लिहिली होती. चालत्या काळातील मराठी घर, त्यातील सून, सासू व विधवा ह्यांवर संपूर्ण गोष्ट रचण्याचे काम बाबांनी केले. त्यांच्यानंतर लगेच आलेल्या मराठी कादंबऱ्या दुसऱ्याच वाटेने गेल्या. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची मुक्तामाला १८६१ मध्ये व रिसबुडांची मंजुघोषा १८६८ मध्ये निघाली. त्यांत नायिकांवर संकटे येतात, पण ती राजवाड्यांतील व अरण्यांतील अद्भुत संकटे. न्हाव्याचा वस्तरा हे त्यांहून भयंकर संकट असू शकते, हे बाबांनी आधीच दाखवून ठेवले होते.

पुढील आयुष्य बाबांनी लेखणी व सेवा ह्यांत घालविले. पुण्यात त्यांनी फ्री चर्च मिशनच्या कामात बरीच वर्षे काढली, आणि १८६७ मध्ये त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. मोल्सवर्थसाहेबांचा प्रचंड मराठी-इंग्रजी कोश सामान्य विद्यार्थ्याच्या खिशास व हातास जड होता. त्याचा संक्षेप बाबांनी केला व तो १८६३ मध्ये निघाला. पिढ्यानुपिढ्या विद्यार्थ्यांनी तो वापरला, आणि त्यांतील कित्येकांस तो एका ख्रिस्ती मनुष्याच्या हातचा आहे हे ठाऊकही नसेल. सत्यदीपिका वगैरे नियतकालिके त्यांनी चालविली. नव्या करारावर टीका लिहिली. मुंबईच्या ट्रॅक्ट अँड बुक सोसायटीसाठी लहान-मोठी पुस्तके तयार केली. त्यांच्या एकंदर ग्रंथांची संख्या शंभराहून अधिक भरते. अरुणोदय हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक असून, त्याचे इंग्रजी रूपही निघाले. यमुनेच्या तोंडून जे सांगितले, ते ह्यात त्यांनी आपल्याच नावाने सांगितले. २९ ऑगस्ट १९०६ रोजी, पंचाहत्तर वर्षे पुरी झाल्यावर, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या हयातीतच त्या साक्षीस पुष्कळ सोबती मिळाले, आणि ते सर्व एका धर्माचे किंवा एका मताचे नव्हते. जोतीराव फुले ह्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून फसलेल्या विधवांस दार उघडे केले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केस कापणार नाही असा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला. आणि त्याच सुमारास हरि नारायण आपटे ह्यांची पण लक्षात कोण घेतो ही कादंबरी करमणूक पत्रातून क्रमाने येऊन पुस्तकरूपाने पुरी झाली. तिची नायिकाही विधवा, तिच्याही डोक्यावर वस्तरा येतो, आणि तिचे नाव यमू. हा योगायोग असो वा नसो, मराठी घरातील यमुनेचे रडणे छत्तीस वर्षांनीही थांबलेले नव्हते एवढे खरे.

आणि आज? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला की, पती वारल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे ह्या प्रथा आमच्या गावात बंद कराव्या. त्यानंतर त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. बाबांच्या पुस्तकानंतर १६५ वर्षांनी हा ठराव करावा लागला. म्हणजे केशवपन गेले तरी त्याची पोर अजून घराघरांत वावरत होती. आमच्या ख्रिस्ती घरांनीही ह्यात स्वतःस निर्दोष समजू नये. विधवा भगिनीस लग्नाच्या मांडवात मागे उभी करणारी, नामकरणाच्या दिवशी तिला स्वयंपाकघरात ठेवणारी घरे आमच्यातही आहेत, हे आम्ही जाणतो.

साक्षीदारास आता कायद्याचा काही आधार झाला आहे. २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना मान्य केली, आणि ती सर्व राज्यांस लागू झाली. पण बाबांच्या काळी १८५० व १८५६ च्या कायद्यांचे जे झाले, तेच येथेही लागू आहे. कायदा साक्षीदारास पहारा देऊ शकतो. गावात त्याच्या शेजारी बसावयास माणूस देऊ शकत नाही. ते काम शेजाऱ्याचे आहे, मंडळीचे आहे.

प्रिय वाचकहो, बाबा पदमनजी हे जन्मतः शूर नव्हते. ते पुष्कळ वर्षे भ्याले. बंद दाराआड राहिले. ह्यासाठीच त्यांचे चरित्र आम्हांस जवळचे वाटते; कारण आम्हांपैकी बहुतेक जण बंद दाराआडचेच आहो. त्यांचा मोठेपणा हा की, एकदा दार उघडल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले, आणि आपल्यामागे त्याच अंधारात कोण उभे आहे ते ओळखले. आणि मग उरलेल्या आयुष्यात लेखणीने त्या दाराशी दिवा धरला. तुमच्या गावात, तुमच्या आळीत, एखादी यमुना बसली असेल. तिने काही पाहिले असेल, सोसले असेल, आणि बोलावे की नाही ह्या विचारात ती असेल. तिला उपदेश करण्याची घाई करू नका. आधी तिच्या शेजारी जाऊन बसा. ती बोलू लागली म्हणजे ऐका. आणि ज्या दिवशी ती उभी राहील, त्या दिवशी तिला एकटीने उभे राहावे लागू नये, इतके करा. देव ज्याने बाबांचे भय दूर केले, तो तुम्हांआम्हांसही तेवढे धैर्य देवो.